आंब्याआड गेलेला उपग्रह: घरची डिश नेमकी कोठे बसवावी?

पायवाट (प्रश्न), २१ सप्टेंबर

रत्नागिरी तालुक्यातील आमच्या गावच्या घरी आई-वडील दोघेच राहतात. २०१८ साली आम्ही तेथे डीडी फ्री डिशची साठ सेंटिमीटरची छत्री बसवून घेतली. ती मागीलदारी न्हाणीघराच्या स्लॅबवर, जमिनीपासून साधारण तीन मीटर उंचीवर, आग्नेयेकडे तोंड करून उभी आहे. पहिली तीन-चार वर्षे कोणतीही तक्रार नव्हती. गेल्या दोन वर्षांपासून मात्र वारा सुटला की चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो आणि पावसाची मोठी सर येऊन गेल्यावर तास-दीड तास पडद्यावर ‘सिग्नल उपलब्ध नाही’ एवढेच दिसत राहते. उन्हाळ्यातील शांत दुपारी मात्र सगळे व्यवस्थित चालते.

मागीलदारी आग्नेयेलाच एक रायवळ आंबा आहे. तो माझ्या आजीने लावलेला असून दरवर्षीचे लोणचे त्याच्याच कैऱ्यांचे होते. तालुक्याहून आलेल्या तंत्रज्ञाने दोन पर्याय सांगितले: झाडाचा घराकडील निम्मा भाग तोडावा, नाही तर स्लॅबवर बारा फुटी पाइप उभारून छत्री त्याच्या टोकाला बसवावी. पहिल्या पर्यायाला वडिलांचा ठाम नकार आहे. दुसऱ्याला माझा नाही, पण मनाला पटतही नाही, कारण आमच्याकडचे पावसाळी वारे मला ठाऊक आहेत.

मला न उलगडलेली गोष्ट वेगळीच आहे. मी छत्रीच्या मागे उभा राहून, तिचे तोंड ज्या दिशेला आहे त्या दिशेने नीट पाहिले, तर समोर एकही फांदी येत नाही. बुंधा बराच बाजूला आहे आणि खालच्या फांद्या तर मागेच छाटलेल्या आहेत. समोर मोकळे दिसत असताना झाड सिग्नल अडवते आहे हे म्हणणे कितपत खरे मानावे? आणि झाड तसेच ठेवून छत्री अन्यत्र हलवायची झाल्यास जागा कशी शोधावी?

---

सडा, २१ सप्टेंबर

आमच्याकडेही हीच अडचण होती. मी साठ सेंटिमीटरची छत्री काढून नव्वदची बसवली आणि पावसातील त्रास निश्चितपणे कमी झाला. आपणही आधी मोठी छत्री लावून पाहावी, झाडाला हात लावण्याची किंवा जागा बदलण्याची गरजच कदाचित पडणार नाही. पाइपचा पर्याय मात्र टाळावा. माझ्या शेजाऱ्यांनी उंच पाइप उभारला होता, तो मे २०२१ च्या तौक्ते वादळात कमरेतून वाकला आणि छत्री कौलांवर आली.

---

ओळंबा, २२ सप्टेंबर

मी पंधरा-सोळा वर्षे छत्र्या बसवण्याचे काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम निदान. मुसळधार पावसात केयू बँडचा, म्हणजे या छत्र्या ज्या लहरी पकडतात त्यांचा, सिग्नल सर्वांचाच क्षीण होतो, परंतु सर ओसरली की काही मिनिटांत तो पूर्ववत होतो. आपल्याकडे पाऊस थांबल्यावरही तासभर चित्र येत नाही, याचा अर्थ पाणी आता आकाशात नसून पानांवर आहे. वाऱ्यात चित्र तुटणे आणि शांत हवेत ते टिकणे हे दुसरे लक्षण, कारण हलणारी पालवी वाट क्षणात उघडते आणि क्षणात बंद करते. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर, म्हणजे आंब्याच्या पानाहूनही कमी असते. त्या पानाला वळसा घालून पुढे जात नाहीत. पानातले पाणी त्या शोषून घेते आणि उरलेल्या विखुरल्या जातात. छत्री बसवल्यानंतर तीन-चार वर्षांनी त्रास सुरू झाला, तेव्हा झाड वाढले एवढेच झाले आहे, बाकी काही बिघडलेले नाही.

आता समोर फांदी नसल्याबद्दल. आपण पाहिले ते बरोबर, पण चुकीच्या दिशेने पाहिले, आणि ही चूक बहुतेक सर्वांची होते. घरगुती छत्री ही मोठ्या परवलयाचा मधला तुकडा नसून कडेचा तुकडा असतो. म्हणून तर एलएनबी, म्हणजे तबकडीवर गोळा झालेला सिग्नल टिपणारा डबा, मधोमध न बसवता खालून पुढे आलेल्या दांड्यावर बसवतात, म्हणजे त्याची सावली तबकडीवर पडत नाही. या रचनेमुळे तबकडीचे तोंड जेथे रोखलेले दिसते त्यापेक्षा सुमारे २२ ते २५ अंश वरून लहरी येत असतात. डीडी फ्री डिशचे प्रक्षेपण ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ वरून होते. रत्नागिरीहून हा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंचीवर दिसतो, तर आपल्या छत्रीचे तोंड मात्र सुमारे ३५ अंशांवर रोखल्यासारखे भासते. आपण ३५ अंशांवर पाहिले आणि तेथे मोकळे होते. खरी वाट डोक्यावरून, म्हणजे काटकोनाच्या दोन-तृतीयांश उंचीवरून येते, आणि तेथे आंब्याचा वरचा घेर असणार. खालच्या फांद्या छाटल्याने काही फरक पडला नाही त्याचे कारणही हेच.

दिशेबद्दलही एक खुलासा. आपल्याकडे या उपग्रहाचा दिगंश, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजलेला कोन, सुमारे १२८ अंश आहे. शुद्ध आग्नेय १३५ अंशांवर असते, तेव्हा उपग्रह तिच्यापासून किंचित पूर्वेकडे सरकलेला आहे. होकायंत्र वापरणार असाल तर लोखंडी पाइपपासून दोन पावले दूर उभे राहून वापरावे, पाइपजवळ त्याची सुई भलतीकडे वळते.

‘सडा’ यांच्या सूचनेविषयी आदरपूर्वक मतभेद नोंदवतो. साठऐवजी नव्वदची छत्री लावल्यास सुमारे साडेतीन डेसिबलचा (डेसिबल हे सिग्नलची वाढ-घट मोजण्याचे एकक) लाभ होतो. पावसाचा क्षय भरून काढण्यास तो उपयोगी पडतो आणि त्यांचा अनुभव त्यामुळेच चांगला असावा. परंतु दाट, ओल्या पालवीतून जाताना दहा डेसिबल किंवा त्याहून अधिक हानी सहज होते. शिवाय मोठ्या छत्रीचा झोत, म्हणजे ती ज्या कोनातून सिग्नल घेते तो, अधिक अरुंद असतो, त्यामुळे ती अधिक काटेकोरपणे रोखावी लागते. भिंतीआडचे ऐकू येत नसेल तर कानाला कर्णा लावून फारसे साधत नाही, तसेच हे आहे.

छत्री वर न्यावी की मागे, हा खरा प्रश्न आहे, आणि आपल्या अक्षांशावर त्याचे उत्तर जवळपास नेहमी ‘मागे’ असेच येते. ५९ अंशांची रेषा प्रत्येक मीटर आडव्या अंतरामागे सुमारे १.७ मीटर चढते. म्हणजे छत्री झाडापासून एक मीटर मागे सरकवली तर जेवढा लाभ होतो, तेवढ्यासाठी ती वर नेताना पावणेदोन मीटर पाइप लागतो. उत्तर युरोपात उपग्रह क्षितिजाजवळ दिसतात, तेथे मागे सरकून फारसे हाती लागत नाही आणि उंची कामी येते. ती सवय आपल्या तंत्रज्ञांनी उगीच उचलली आहे, असे मला कधीकधी वाटते.

आपण पुढील मापे कळवल्यास नेमके सांगता येईल: छत्रीपासून १२८ अंशांच्या दिशेने जाणाऱ्या रेषेवर झाडाचा जो भाग सर्वांत अडचणीचा वाटतो त्याची जमिनीपासूनची उंची, तेथपर्यंतचे आडवे अंतर आणि स्लॅबवर मागे किती जागा शिल्लक आहे ते. ‘अडचणीचा भाग’ म्हणजे शेंडाच असे समजू नये. बहुधा शेंड्यापेक्षा घराकडे झुकलेला वरचा खांदा अधिक नडतो.

---

सागवान, २२ सप्टेंबर

मी चंद्रपूरचा. आमच्याकडे उपग्रहाची उंची जवळपास तेवढीच येते, पण फसगत वेगळी झाली. छत्री एप्रिलमध्ये बसवली, तेव्हा समोरचा साग पूर्ण निष्पर्ण होता आणि सिग्नल उत्तम मिळाला. जुलैत सुपाएवढी पाने आली आणि चित्र गेले. तेव्हा जागा निवडायची ती झाड पूर्ण पालवीत असताना निवडावी, एवढेच सुचवतो. आंबा बारमाही हिरवा असल्याने तुमचा हा प्रश्न नाही, पण हा धागा पुढे वाचणाऱ्या कोणाला उपयोग होईल.

---

पायवाट, २४ सप्टेंबर

‘ओळंबा’ यांचे मनःपूर्वक आभार. तबकडीचे तोंड आणि लहरींची वाट यांतील फरक मला आजवर कोणी सांगितला नव्हता. काल वडिलांनी चांद्याला (कोनमापकाला) दोरा आणि त्याला नट बांधून ५९ अंशांची रेषा डोळ्यांनी धरली आणि ती थेट आंब्याच्या वरच्या घेरात शिरली.

मापे पुढीलप्रमाणे. आमच्याकडे माडावर चढणारा जो गडी येतो त्यालाच आंब्यावर चढवले आणि वरून दोरी सोडून मोजले. घराकडे झुकलेला खांदा जमिनीपासून १३ मीटर उंचीवर आहे आणि छत्रीपासून त्याचे आडवे अंतर ५ मीटर भरते. शेंडा साधारण १५ मीटर असावा, पण तो आणखी मागे आहे. स्लॅबवर मागे सरकण्यास फक्त दीड मीटर जागा आहे, त्यानंतर घराचे कौलारू छप्पर सुरू होते.

घराच्या पुढील बाजूस, म्हणजे वायव्येला, खळे (अंगण) आहे आणि ते पुरेसे मोठे आहे. तेथून आंबा पंधरा मीटरांहून दूर राहतो. परंतु छत्री खळ्यात जमिनीवर ठेवली तर तिच्या आणि उपग्रहाच्या मध्ये आमचे संपूर्ण घर येईल. घराचा आढा, म्हणजे छपराचा सर्वांत उंच वासा, जमिनीपासून ६ मीटर उंच आहे आणि पुढील पागोळीची कड २.४ मीटरवर आहे. आढ्यापासून पागोळीपर्यंतचे आडवे अंतर साडेचार मीटर आहे. शिवाय खळ्याच्या पश्चिम कडेला तीन माड आहेत. या परिस्थितीत खळ्याचा विचार करणे वेडेपणाचे ठरेल का?

---

वहिवाट, २४ सप्टेंबर

मूळ प्रश्नाला थोडी जोड देतो. उपग्रहच बदलला, म्हणजे दुसऱ्या कंपनीची जोडणी घेतली, तर झाड वाटेतून आपोआप दूर होऊ शकते का?

---

ओळंबा, २५ सप्टेंबर

‘पायवाट’ यांची मापे उत्तम आहेत. अनेक व्यावसायिकसुद्धा इतकी घेत नाहीत.

आधी सध्याची जागा पाहू. खांदा छत्रीपेक्षा १० मीटर उंच आहे आणि ५ मीटर दूर आहे. एवढ्या अंतरात उपग्रहाची रेषा फक्त साडेआठ मीटर चढते, म्हणजे ती खांद्याच्या दीड मीटर खालून, दाट पालवीतून जाते. रेषा फांदीला नुसती चुकवून गेली तरी पुरत नाही, वाटेभोवती सर्व बाजूंनी साधारण एक मीटर मोकळीक हवी, कारण लहरी दोऱ्यासारख्या येत नाहीत आणि फांद्या वाऱ्याने झुलतात. ही मोकळीक धरून हिशेब केला तर छत्री २.१ मीटर मागे न्यावी लागते. हेच वर नेऊन साधायचे तर साडेतीन मीटरांचा पाइप लागतो. तंत्रज्ञाने सांगितलेला बारा फुटी पाइप म्हणजे जवळपास तेवढाच, तेव्हा त्याचा अंदाज चुकलेला नव्हता, पण उपाय महागडा होता. साठ सेंटिमीटरच्या छत्रीचा झोत साधारण तीन अंशांचा असतो. मध्यापासून दीड अंश ढळली की निम्मी शक्ती जाते. साडेतीन मीटरांच्या पाइपचे टोक आषाढातील वाऱ्यात यापेक्षा कमी हलेल, याची हमी मी तारांचे ताण दिल्याशिवाय देणार नाही.

स्लॅबवर दीड मीटर मागे सरकून राहिलेली उणीव एक मीटर पाइपने भरून काढता येईल. आज हे चालेल. पण झाड वाढते आहे आणि दोन-तीन वर्षांत आपण पुन्हा येथेच प्रश्न विचाराल.

खळ्याचा विचार वेडेपणाचा मुळीच नाही, मी तोच सुचवणार होतो. घर मध्ये येते ही भीती क्षितिजाजवळच्या उपग्रहासाठी रास्त आहे, ५९ अंशांवरच्या उपग्रहासाठी नाही. छत्रीचा मध्य जमिनीपासून एक मीटर उंच धरला तर सहा मीटर उंच आढ्याला ओलांडण्यासाठी, मोकळीक धरून, आढ्यापासून सव्वाचार मीटर अंतर पुरते, आणि आपली पागोळीच साडेचार मीटरांवर आहे. म्हणजे आढ्याचा प्रश्न पागोळीच्या आतच मिटतो. उरली पागोळी. तिच्यापासून दोन मीटर पुढे छत्री ठेवली की तीही वाटेतून जाते. आंबा तेथून पंधरा मीटरांहून दूर असल्याने त्याने पुन्हा अडवायचे म्हटले तर त्याला सुमारे २५ मीटर उंच व्हावे लागेल, आणि आजीच्या हातच्या झाडाला आशीर्वाद देऊनही हे लवकर होईल असे वाटत नाही.

माड पश्चिमेला आहेत, उपग्रह आग्नेयेला. पाठीमागच्या झाडांचा काहीही त्रास होत नाही. मात्र छत्री माडाच्या खाली येऊ देऊ नका. नारळ किंवा वाळलेली झावळ पडली तर तबकडीला पोचा येतो आणि पोचा आलेली छत्री कितीही रोखली तरी पूर्ण सिग्नल देत नाही.

आता एक सोयीची गोष्ट. वर्षातून दोनदा सूर्य या उपग्रहाच्या बरोबर मागून जातो. आपल्याकडून पाहता तो काळ मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस आणि ३० सप्टेंबर-१ ऑक्टोबरच्या सुमारास येतो, म्हणजे पुढच्याच आठवड्यात. रत्नागिरीला या दिवसांत सकाळी साधारण १० वाजून ५३ मिनिटांनी सूर्य नेमका जीसॅट-१५ च्या जागी असतो (मार्चमध्ये हीच वेळ साधारण सव्वाअकराची असते). त्या क्षणी जेथे ऊन पडले आहे तेथून उपग्रह दिसतो आणि जेथे सावली आहे तेथून दिसत नाही. हिशेब, चांदा, होकायंत्र काहीही लागत नाही. ठरवलेल्या जागी एक मीटर उंचीवर सूप धरा. ते पूर्ण उन्हात असेल आणि सावलीची कड त्याच्यापासून चांगली मीटरभर दूर असेल तर जागा योग्य आहे. दोन-तीन दिवस मागेपुढे झाले तरी चालते, कारण सूर्य रोज अर्ध्या अंशाहून कमी सरकतो. घड्याळाची वेळ मात्र पाळावी, चार मिनिटांत तो एक अंश पुढे जातो. सूर्याकडे थेट पाहू नका, सावलीकडेच पाहा. याच दिवसांत याच वेळी काही मिनिटे चित्र बिघडते, तेव्हा तो दोष समजून नटांना हात लावू नये.

‘वहिवाट’ यांच्या प्रश्नाचे उत्तर: होय, शक्य आहे, पण दोन्ही बाजूंनी. रत्नागिरीहून ८३ अंश पूर्वेचा उपग्रह, ज्यावर सध्या टाटा प्ले आहे, सुमारे ६७ अंश उंच आणि दक्षिणेकडे अधिक कललेला दिसतो. याउलट एअरटेलचा १०८.२ अंशांवरील उपग्रह जेमतेम ४६ अंशांवर, पूर्वेकडे झुकलेला आहे. छत्रीपेक्षा दहा मीटर उंच फांदी पहिल्यासाठी सव्वाचार मीटर दूर असली तरी पुरते, दुसऱ्यासाठी ती जवळपास दहा मीटर दूर असावी लागते. मोकळीक यात धरलेली नाही. डिश टीव्हीचा ९५ अंशांचा उपग्रह फ्री डिशच्या अगदी शेजारी असल्याने त्याने काही साधणार नाही. मात्र फ्री डिशला मासिक वर्गणी नाही आणि छत्री चार पावले हलवणे हे दरमहा पैसे भरण्यापेक्षा स्वस्त पडते, म्हणून ‘पायवाट’ यांना मी हा मार्ग सुचवला नाही.

---

चिरेबंदी, २६ सप्टेंबर

जागेबाबत ‘ओळंबा’ यांच्याशी सहमत आहे, परंतु जमिनीवर छत्री ठेवण्याचे काही तोटे त्यांनी सांगितलेले नाहीत. आमची छत्री सहा वर्षे अंगणात आहे म्हणून लिहितो.

छत्री उघड्यावर मीटरभर उंचीवर असली की गुरे तिला अंग घासतात. आमच्या गायीने पहिल्याच महिन्यात दिशा बदलून दाखवली. म्हणून चौथरा करावा. जांभ्याचे चिरे दोन थर रचून मध्ये दीड फूट खोल खड्ड्यात पाइप काँक्रीटमध्ये गाडावा आणि भोवती गडग्यासारखी कमरेपेक्षा कमी उंचीची कड ठेवावी. गडगा आग्नेयेला उंच करू नये हे उघडच आहे. काँक्रीट ओले असतानाच पाइप ओळंब्यात आहे की नाही हे दोन बाजूंनी पाहावे. पाइप कलला असेल तर छत्रीवरचा अंशांचा आकडा खोटा ठरतो आणि मग माणूस तासन्तास उपग्रह शोधत बसतो. वांदर हा दुसरा उपद्रव. ते कौलांवरून थेट छत्रीवर उडी मारतात. जमिनीवरच्या छत्रीवर ती उडी तुलनेने कमी बसते, कारण तेथे त्यांना पुढे उडी मारायला काही नसते. हा आमचा अनुभव आहे, नियम नव्हे.

केबल एकसंध घ्यावी, मध्ये जोड नको. आरजी-६ प्रकारच्या केबलमध्ये या वारंवारितेच्या वरच्या टोकाला मीटरमागे साधारण एक तृतीयांश डेसिबल क्षय होतो, तेव्हा वीस-पंचवीस मीटरपर्यंत काळजीचे कारण नाही. त्यापुढे चाळीस-पन्नास मीटर गेल्यास वर्धक (सिग्नल वाढवणारा डबा) लागतो आणि तो टीव्हीजवळ नव्हे, छत्रीजवळ बसवावा लागतो. खळ्यातून जाणारा भाग प्लॅस्टिकच्या पाइपमधून वीतभर खोल पुरावा, कारण उंदीर आणि कुदळ यांचे केबलशी जुने वैर आहे. एलएनबीच्या जोडावर आपोआप चिकटणारी रबरी टेप गुंडाळावी आणि केबल जोडाच्या आधी खाली लोंबते वेटोळे करून सोडावी, म्हणजे ओघळणारे पाणी जोडात न शिरता त्या वेटोळ्याच्या तळाशी गळून पडते. माझ्या पाहण्यात ‘झाडामुळे गेलेले’ निम्मे सिग्नल प्रत्यक्षात हिरव्या पडलेल्या जोडांमुळे गेलेले होते.

आंबा तोडण्याविषयीही एक शब्द. आंबा आणि फणस ही दोन्ही झाडे १९६४ च्या राज्य वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या जागेतील झाड असले तरी ते परवानगीशिवाय तोडता येत नाही. तंत्रज्ञाने हे सांगायला हवे होते.

---

पायवाट, ५ ऑक्टोबर

काम पूर्ण झाले, म्हणून वृत्तांत लिहितो.

३० सप्टेंबरला आभाळ होते, १ ऑक्टोबरला मात्र लख्ख ऊन पडले. १० वाजून ५० मिनिटांनी मी आणि वडील खळ्यात सूप घेऊन उभे राहिलो. शेजारच्या काकूंनी कसले व्रत आहे म्हणून विचारले. पागोळीची सावली आम्ही योजलेल्या जागेच्या सव्वा मीटर अलीकडेच संपत होती. त्याच वेळी मागीलदारी जाऊन पाहिले तर जुनी छत्री पूर्णपणे आंब्याच्या सावलीत होती आणि तिच्यावर पानांआडून आलेले कवडसे थरथरत होते. आमच्या पडद्यावर दोन वर्षे जे चालले होते, तेच तेथे तबकडीवर दिसत होते.

चौथऱ्यासाठी गडगा बांधताना उरलेले चिरे वापरले. ‘चिरेबंदी’ यांच्या सूचनेप्रमाणे पाइप ओळंब्यात धरला आणि काँक्रीटला तीन दिवस दिले. जुन्या जागेवरून छत्री काढण्याआधी उंचीच्या पट्टीवर आणि एलएनबीच्या मानेवर रंगाची खूण करून ठेवली होती. साडेछत्तीस हजार किलोमीटर दूर असलेल्या उपग्रहाला आमचे मागीलदार आणि खळे यांत काय फरक, असा विचार करून ते दोन्ही कोन तसेच ठेवले आणि फक्त आडवी दिशा फिरवून पाहिली. बॉक्सच्या सिग्नलच्या पानावर दोन पट्ट्या असतात. पहिल्या अर्ध्या तासात मी ताकदीची पट्टी पाहत राहिलो, ती सदैव भरलेलीच होती आणि चित्र मात्र येत नव्हते. नंतर गुणवत्तेची पट्टी पाहायला लागलो, बोटभर फिरवून चार-पाच सेकंद थांबायचे असे केले आणि ती एकदम वर आली. जुन्या जागी ती चांगल्या दिवशीही चाळिशीच्या आत असे, आता ७६ टक्के आहे. केबल एकूण १९ मीटर लागली.

काल संध्याकाळी परतीच्या पावसाची जोरदार सर आली. चित्र सात-आठ मिनिटे गेले आणि सर थांबताच परत आले. एवढे व्हायचेच, हे आता समजले आहे. एक शंका उरते: पहिल्या पावसाळ्यात चौथरा थोडा खचला तर पुन्हा सर्व जुळवावे लागेल का?

---

ओळंबा, ५ ऑक्टोबर

चौथरा खचला तर बहुधा पाइपसकट सरळ खाली जाईल, आणि खाली गेल्याने कोन बदलत नाही. तो कलला तरच बदलतो. म्हणून आत्ताच पाइपला ओळंबा लावून त्याची रेघ चिऱ्यावर मारून ठेवा आणि पुढच्या वर्षी जुलैअखेर पुन्हा लावून पाहा. कलला असेल तर छत्रीला हात न लावता आधी पाइप सरळ करा. महिनाभराने सर्व नट एकदा आवळून घ्या, नव्या नटांची पकड पहिल्या काही आठवड्यांत सैल होते. आवळताना वडिलांना टीव्हीसमोर बसवून गुणवत्तेचा आकडा मोठ्याने वाचायला सांगा, कारण शेवटच्या अर्ध्या फेऱ्यातच छत्री सरकते.